उघाडी क्रमांक दोन

फोन म्हणतोय, मी कामाच्या जागेपासून
दोनशे वीस मीटर दूर आहे.
मी बांधावर उभा आहे.
उघाडी क्रमांक दोन हात लावावा इतकी जवळ,
तिच्या लोखंडी झडपेवर शेवाळ,
बिजागरीत बोटभर शंख-शिंपल्यांचं बिऱ्हाड.
तरी वर्तुळ लाल.

रत्नागिरीत कुणीतरी पंख्याखाली बसून
दशांशानंतरचा तिसरा आकडा चुकवला
आणि कोंडसावऱ्याचा खारबांध
खाडीच्या मधोमध जाऊन बसला.
पूर्ण. शंभर टक्के.

मग आधी माणसं उरकू म्हटलं.
लाभार्थी क्रमांक चौदा, सुंद्राबाई मांडवकर,
भात सोलत पडवीत.
बांधामुळे शेतात खारं पाणी येणं थांबलं का?
होय. नाही. लागू नाही.
"भांगाला थांबतंय, उधाणाला येतंय.
ह्यातलं कुठचं लिवतोस?"

माझ्या फॉर्मात अमावास्या नाही.

तिच्या पडवीच्या खांबावर आहे.
दर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी
ती चूळभर तोंडात धरते
आणि कोळसा उचलते.
गोडं असलं तर रेघ, मचूळ असलं तर फुली.
अकरा वर्षं, खालून वर,
आता हात पुरत नाही म्हणून पाटावर चढून.
आम्ही याला पायाभूत सर्वेक्षण म्हणतो
आणि त्याचं वेगळं टेंडर निघतं.

मी बोटाने वाचत गेलो.
बांधाआधी फुल्याच फुल्या.
बांध झाल्यावर तीन वर्षं नुसत्या रेघा,
इतक्या सरळ, की योजना कुणीतरी
मनापासून आखली होती असं वाटावं.
मग एक फुली. मग दोन.
"तवा झिलू गेला मुंबैला," ती म्हणाली.
झिलू गोताड भरतीच्या आधी झडप पाडायचा,
ओहोटीला उचलायचा, बिजागरीला तेल घालायचा.
योजनेत सिमेंट होतं, दगड होता,
उद्घाटनाचा मंडपसुद्धा होता.
झिलू नव्हता.

"नाही" नोंदवायचं तर फोटो लागतो.
मचूळपणाचा फोटो कसा काढतात?
तिने तांब्या पुढे केला. मी प्यालो.
खांबाचा फोटो काढला, तो परत आला,
छायाचित्र कामाच्या जागेचे नाही.

तेव्हा ओहोटीला पँट गुडघ्यावर दुमडून
मी खाडीत उतरलो.
निवट्या उडत होत्या, चिखल मांडीपर्यंत,
एक चप्पल तिथेच राहिली, अजून असेल.
तिवरांच्या पुढे, जिथे काहीच नाही,
तिथे वर्तुळ हिरवं झालं.
अभिनंदन, आपण कामाच्या जागी आहात.

मागे वळून पाहिलं.
बांध पहिल्यांदा पाण्याच्या बाजूने दिसला,
समुद्राला दिसतो तसा.
झडपेखाली वीतभर काळोख, त्यातून शेतातलं पाणी
मागे गळत होतं,
आणि दगडांच्या सांध्यांत कुर्ल्यांची बिळं,
एकेक, एकेक, जुन्या भाडेकरूंच्या दारांसारखी.
चुकलेल्या आकड्याचे मी मनात आभार मानले
आणि फोटो काढला.

शेऱ्याला वीस अक्षरं. काना-मात्राही मोजतात.
मी लिहिलं, झिलूला परत बोलवा, तेल घाला.
उरलं ते असं:
झिलूला परत बोलवा, ते

"भरती लागली रे, वर ये!"
बांधावरून सुंद्राबाई ओरडत होती,
मला नव्हे, बहुधा रेड्याला,
पण मी आलो.

रेंज नव्हती. प्रलंबित, एक.
पाय धुऊन पडवीत बसलो
तर तिने पाट ओढला, चढली,
आणि खांबावर एक ठिपका काढला.
रेघ नाही, फुली नाही.
हा कसला?
"तुझा. इचारायला कोन आला की काढत्ये."

खाली शोधले, आधीचे चार सापडले.
त्यांच्यानंतर काही बदललं होतं का,
ते मला नीट दिसलं नाही.
उजेडही कमी झाला होता.