कूलरचा स्विच

माझं काम एवढंच होतं:
लाल दिवा लागला की कूलर बंद,
दिवा गेला की सुरू.
दिवसाचे दोन रुपये, वर बर्फाचा गोळा.

गड्डीगोदामातली ती खोली आधी रद्दीवाल्याची.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी,
गादीच्या उसवणीतून मिलचा कापूस,
आणि एक्क्याऐंशीचा मे महिना
पत्र्यावर ठाण मांडून बसलेला.

बँडचं नाव लोको शेड.
टेरेन्स खरंच अजनीच्या शेडमध्ये फिटर,
ड्रमचे नट रेल्वेच्या पान्यानं आवळायचा.
हाफिज मास्तर कधीकधी थेट वरातीतून यायचे,
सोनेरी काठाचा कोट अंगात तसाच,
ट्रम्पेटमध्ये अडकलेली झेंडूची पाकळी.
फ्लोरा साळवे रविवारी चर्चमध्ये गायची.
इथं आली की चपला काढायची,
मग आवाज फरशीतून निघून
तिच्या पायांतून वर चढायचा.

बास धम्मपालची. इंदोऱ्याचा गडी.
एकदा मला म्हणाला, ऐक बे,
ह्या गाण्याचा जीव एकावर असते.
एक आपला.
दोन, तीन, चार उधारीचे,
सावकाश फेडू.
मी मान हलवली.
माझं ध्यान गोळ्याच्या रंगात.

लाल दिवा. टक.
पाती आणखी तीन फेरे घ्यायची, मग गप्प.
वाळ्याचा वास जागच्या जागी थिजायचा.
चार मिनिटं कोणी घाम पुसायचं नाही.
थेंब धम्मपालच्या मनगटावरून तारेवर पडायचा
आणि तार केसभर खाली बोलायची.

सहाव्या गाण्यात फ्लोरा मध्येच थांबली.
काचेआडून आवाज: काहून थांबली?
ती म्हणाली, मालगाडी येऊन राहिली.
सगळ्यांनी कान दिला.
खरंच, लांबून, सांध्यावरून सांध्यावर,
धडक धडक, जरा लंगडत.
टेरेन्सनं काठ्या उचलल्या
आणि चालत्या गाडीत चढावं तसा
तिच्या चालीत शिरला.
ते गाणं तसंच राहिलं.
नाव कोणाला सुचलं नाही,
कव्हरवर नुसता वॅगनचा नंबर आहे.

पुढच्या एप्रिलात तीनशे तबकड्या छापून आल्या.
पार्सलची पावती हरवली.
खोकी दोन दिवस फलाटावर, उन्हात.
उघडली तर पापड.
आधी हाफिज मास्तर हसले,
मग कोणीच नाही.
सरळ निघाल्या एकोणीस.

मला एक मिळाली,
त्या एकोणिसातली नव्हे.
सुई तिच्यावर चढते, उतरते,
फ्लोराचा सूर ताणतो, सैल पडतो,
दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा.
कव्हरवर आठ नावं.
चहावाल्याचं आहे, माझं नाही.

पण दुसऱ्या बाजूला, पहिल्या गाण्याआधी,
कापायचं राहून गेलेलं,
कान लावला तर

टक.
तीन फेरे.
मग धम्मपाल, एकावर.

धम्मपालला जाऊन सहा वर्षं झाली.
आता घरात एसी आहे.
ती बाजू लावायची म्हटलं की
मी आधी उठतो, एसी बंद करतो.
मुलगी म्हणते, बाबा, बाहेर सेहेचाळीस आहे.
मी म्हणतो, चार मिनिटं, बाई.
चार मिनिटं घाम पुसू नको.