वायसर

ओतूरच्या स्टँडमागे माझं दुकान.
पाटी नाही.
दारात उलटे टांगलेले चार पंप, हीच पाटी.

मी माणसं चेहऱ्याने कमी ओळखतो,
गळतीने जास्त.
गेनभाऊ तांबे झाकणातून गळतात, मानेवर.
बबुशाचा पंप बुडातून,
म्हणून त्याची पँट मागून कायम ओली.
पोरं हसतात, तोही हसतो.
डोमसे मास्तर रिटायर होऊन कांद्यात उतरले,
ते खटक्यापाशी गळतात, उजव्या मनगटावर;
तिथली कातडी आता
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटते.
मुलगा पुण्याहून फोन करतो, हातमोजे घाला.
हातमोज्याने खटका सटकतो.

वायसर आठ रुपयांचा.
प्रश्न आठ रुपयांचा नसतोच,
पंप माझ्याकडे ठेवावा लागेल
त्या दोन तासांचा असतो.
"एवढा करपा आटपू दे, मिस्तरी."
करपा आटपतो, तुडतुडे येतात.
तुडतुड्यांच्या मागे नागअळी.

सगळे म्हणतात औषध. मीही म्हणतो.
औषध आणलं, औषध कालवलं, औषध मारलं.
दवाखान्यात नव्या डॉक्टरणीने विचारलं,
"काय, औषध घेतलंय का यांनी?"
तेव्हा बबुशाची बायको किंचाळली,
"घेतलं नाही हो! मारत होते!"
डॉक्टरणीने पापणी वर केली.
डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी.
तो एकच सांगत होता,
दुपारीच कसा अंधार पडला.

पाचव्या दिवशी घरी आला.
सहाव्या दिवशी माझ्या दारात:
"बघ रे जरा, प्रेशर धरत नाही."

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं,
हे मला बापाने शिकवलं.
एके काळी जिभेवरून सांगायचो कुठलं औषध:
एक लसणीच्या वासाचं,
एक नुसतंच कडू,
एकाने ओठ बधिर, कच्ची सुपारी लागल्यासारखे.
लोक दुसऱ्या गावची माणसं आणून दाखवायचे.
मान ताठ व्हायची माझी.
आता बायको चहात साखर विसरली
तर तिने सांगितल्यावर कळतं.

परवा ठकूबाई पानसरे आली,
रिकामा पंप कमरेवर घेऊन, घागर आणावी तसा.
नवऱ्याचा हात कापतो,
तेव्हापासून फवारणी तिच्याकडे.
पट्टे पुरुषाच्या खांद्याच्या मापाचे,
पंप पाठीवर बसत नाही,
चालताना माकडहाडावर आपटतो.
मी पट्ट्यांना दोन दोन भोकं पाडली.
वायसर बदलला. पैसे सांगितले.
ती उभीच.
"नोझल तुंबलं तर?"
"फुंकायचं."
"ते माझं पोरगं करतं. सातवीत आहे.
बासरीसारखं धरतं."
मग गप्प. मग,
"दुसरं काही नाही का तुमच्याकडं?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
स्कूटरच्या ब्रेकची जुनी तार पडली होती.
तिचा एक धागा उसवला, बोटभर तोडला,
भोक मोठं होऊ नये म्हणून टोक घासलं,
आणि सुतळीने तिच्या पंपाला बांधला.
तिने दुधाची पिशवी हातावर चढवली
आणि तिथेच तीनदा करून बघितलं.

आता येईल त्या पंपाला तार बांधतो.
पैसे घेत नाही.
बरेच जण काढून टाकतात, खडखडतं म्हणे.
गेनभाऊ तिने कान कोरतात.

काल संध्याकाळी एक तुंबलेलं नोझल आलं.
तार हातातच होती.
तरी आधी ओठ गोल झाले, पुढे आले.
मी तसाच थांबलो.
रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं
तर वाटलं असतं,
मिस्तरी शीळ घालतोय.