पडताना घेतो

लॉयड कॅनडाला परत गेला त्या गुरुवारी
त्याने मला डबा दिला. फिका हिरवा, तीन कप्प्यांचा,
बिजागरीला वायर गुंडाळलेली.
"तुझ्याकडे असू दे," म्हणाला, "विमानात गळ नेऊ देत नाहीत."
खोटं असावं. बॅगेत घालून काय वाटेल ते जातं.

डब्यात मासा सोडून सगळं होतं.
शिशाच्या डोक्याचे जिग, वजनाप्रमाणे लावलेले,
आमच्या स्टोअरमधल्या वॉशरसारखे.
रबराच्या शेपट्या, पोपटी, जांभळ्या,
आणि एक शेंदरी, अर्धी चावलेली.
ही कोणी चावली विचारलं होतं एकदा,
तेव्हा त्याने मोबाईलमध्ये मासा दाखवला.
पिवळसर सोनेरी, पाठीवर काटेरी पंख,
आणि डोळे असे, की काचेच्या गोट्यांत कोणी दूध ओतलंय.
वॉलाय.
गोड्या पाण्यातला, थंडीतला.
त्याला अंधारात दिसतं, म्हणून दिवसा तो खोल बसून राहतो.
"नाइट शिफ्टवाला," मी म्हणालो.
लॉयड बराच वेळ हसला.

मी भोयाच्या घरचा, कुगावचा.
उजनीच्या फुगवट्यावर थर्माकोलच्या होडीतून
चिलापीला जाळं लावलेला.
गळ म्हणजे आमच्यात पोरांचा खेळ,
वेळूची काठी, कणकेची गोळी,
तरंगायला मोराच्या पिसाची काडी.
रीळ मी हातात धरलं ते इथे, अल खोरला,
चौतिसाव्या वर्षी.

शुक्रवारी संध्याकाळी धक्क्यावर त्याने शिकवलं.
दोर विणलेला घे, शेवटचा हातभर पारदर्शक लाव.
जिग तळाला टेकू दे. टेकला की दोर ढिला पडतो,
तोच सांगतो.
मग मनगटाने वीतभर उचल. हिसका नको,
झोपलेल्या पोराखालची चादर काढतात तेवढंच.
पुन्हा जाऊ दे खाली, पण आता दोर ताणात ठेव,
कारण तो वर जाताना घेत नाही.
पडताना घेतो.
आणि घेतो तेव्हा ओढत नाही.
टक् होतं,
नखाने ताट वाजवावं तसं. बास.

वारा सुटला, पाणी गढूळलं, तर घरी पळू नकोस.
लाट आपटते त्याच काठाला जा.

इथल्या खाडीत वॉलाय कुठला.
शेरी लागते. एकदा वीतभर हामूर लागला, सोडून दिला.
बंगाली पोरं कोळंबी लावून बसतात,
माझ्या पोपटी शेपटीकडे बघून हसतात,
नंतर उसनी मागतात.

"हे सामान मिठाचं नाही," लॉयडने बजावलं होतं,
"घरी गेलास की एकेक गळ गोड्या पाण्यात धू."
धुतो. कॅम्पच्या बेसिनमध्ये, जुन्या टूथब्रशने.
ते पाणीही माझ्याच हाताखालून आलेलं.
समुद्र आत घ्यायचा, मीठ मागे ठेवायचं,
गोडं पुढे ढकलायचं,
रास लफानला नऊ वर्षं हेच करतोय.
आईला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं,
"एवढं पाणी, मग त्यात मासे का नाही सोडत?"

मागच्या महिन्यात रात्री अडीचला
पातळी बघायला टाकीवर चढलो.
झाकण उघडलं.
शेवाळ नाही, गाळ नाही, वाससुद्धा नाही.
पाणी असं की कुणी त्यात कधी राहिलंच नाही.
उजनीचं पाणी हुंगलं की कळायचं, काल पाऊस कुठे झाला ते.
टॉर्च फिरवली तळापर्यंत,
गरज नव्हती तरी परत फिरवली.
दोन डोळे चमकतील असं वाटलं होतं, उगाच कशाला लपवू.
वहीत लिहिलं, सहा मीटर ऐंशी,
आणि झाकण घट्ट केलं.

पोपटी शेपट्या संपत आल्यात.
जिगही दोनच उरले, बाकीचे धक्क्याच्या दगडांनी घेतले.
अर्धी चावलेली मात्र कप्प्यातच आहे.
इथलं पाणी तिला अजून लावलेलं नाही.