दिवे किती वेळ चालू होते

हीउमा बेटाकडे जाणारा बर्फाचा रस्ता
थंडी मनासारखी पडली तरच उघडतो.
किनाऱ्यावर पाटी होती, अजून असते:
पट्टा लावू नका. थांबू नका.
पंचवीस ते चाळीसच्या वेगात जाऊ नका,
बर्फाखाली लाट उठते.
मी शाळेत चौतीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं.
पाटी मी दोनदा वाचली. मोठ्यानं.

गाडी एंदेलची, माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची.
पिवळी झिगुली, तिसऱ्या हाताची,
पण रविवारी तिला पुसायला
तो स्वतःचे जुने बनियन धुऊन ठेवायचा.
बहिणीसाठी त्यानं कधी एवढं
असो.

व्हाल्वे मावशीची सत्तरी होती.
हेल्दुर माझ्या शेजारी, मांडीवर केक,
खिडकीतून डोकं बाहेर काढून
बर्फ काय म्हणतोय ते ऐकत होता.
(बत्तीस वर्षांच्या संसारात
मी काय म्हणते ते त्यानं इतकं मन लावून ऐकलं नाही.)
आणि त्याची टोपी उडाली.
सशाच्या कातड्याची, त्याच्या आईनं दिलेली.
"थांब!" तो ओरडला.
आणि मी, जिनं पाटी दोनदा वाचली होती,
थांबले.

तो टोपीमागे उतरला, केक हातात घेऊनच,
माझ्या भरवशावर ठेवायचा त्याला धीर होईना.
मी उतरले, त्याला चार शब्द सुनवायला.
भांडणानं आमचा जीव वाचला
तो हा एकदाच.

आवाज फार झाला नाही.
जुन्या खुर्चीत जाडा माणूस बसला की होतो, तेवढा.
मग झिगुलीनं नाक खाली घातलं, बूड वर केलं,
आणि पाहुण्यांतून लवकर निघणाऱ्या बाईसारखी
कुणाला न दुखवता, हळूच गेली.
मागचे दोन लाल दिवे
पाण्याखालून बघत राहिले आमच्याकडे.
हेल्दुर म्हणाला, "टोपी काही सापडत नाही."

मावशीकडे पोचलो ते कोळ्यांच्या घसरगाडीवर.
केकवर ओरखडासुद्धा नव्हता.
सगळ्यांनी दुसरा तुकडा घेतल्यावर कुणीतरी विचारलं,
"गाडी कुठे लावलीत?"

पैसे पाण्यात जाणं म्हणजे काय, ते पुढे कळलं.
पाणबुड्यांचे वेगळे, क्रेनचे वेगळे,
समुद्रात तेल सांडल्याचा दंड वेगळा,
आणि थांबल्याचा दंड, त्याच्या पावतीवर
अधिकाऱ्यानं सुबक अक्षरात लिहिलं: कारण, टोपी.
एप्रिलात वर काढली तेव्हा
हातमोज्यांच्या कप्प्यात एक वाम मासा राहत होता.
बाहेर यायला तयार नव्हता.
कोळी अजून त्या जागेला 'लेइदाचं गॅरेज' म्हणतात.
तिथे जाळं रिकामं येत नाही म्हणे.

टोपी मे महिन्यात पोस्टानं घरी आली.
सासूबाईंनी अस्तरात पत्ता शिवून ठेवला होता.
माझ्या सगळ्या आयुष्यात
एवढी दूरदृष्टी कुणी दाखवलेली नाही.

एंदेल अकरा वर्षं बोलला नाही.
नाताळात समोरासमोर बसून बहिणीला म्हणायचा,
"तिला सांग, मीठ इकडे सरकव."
गावात सांगत फिरला की मला टोपी घातली.
आम्ही हप्ते फेडले. शेवटच्या हप्त्याला
त्यानं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि दार लावलं.

मग तार्तूच्या इस्पितळात, बहीण चहा आणायला गेली असताना,
छताकडे बघत तो म्हणाला,
"दिवे किती वेळ चालू होते?"

मला वाटलं, भ्रमात आहे.
"पाण्यात. खाली गेल्यावर."

"मी मोजत होते," मी म्हटलं. "एकोणीसपर्यंत मोजले.
मग हा टोपीचं काहीतरी बोलला, आणि चुकले."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला,
नर्स डोकावून गेली.
मग उशीवर डोकं नीट टेकवून,
पोराचे मार्क सांगावेत तसा म्हणाला,
"बॅटरी नवी होती.
डिसेंबरातच घातली होती."