पातळ तेल

कुप्पी उलटी धरायची नाही. तिरकी.
बुडावर अंगठा, एकदाच: टिक्.
एक थेंब. दुसरा मागितला तर मशीन खोटं बोलतंय
असं बाबा म्हणायचे. मी मान हलवायची
आणि त्यांची पाठ वळली की शटलच्या खाचेत तीन सोडायची.
मग कुणाच्या तरी लग्नातल्या पांढऱ्या ब्लाउजवर
रांगेनं पिवळे ठिपके.

आता दुकान माझं. शहापूर, खडे बाजार.
'शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल.'
पाटीवर वर कन्नड, मोठं, फूटपट्टी लावून मोजलेलं,
खाली मराठी, उरलेल्या जागेत.
तेल पाच लिटरच्या कॅनमधून येतं, पाण्यासारखं,
वास असून नसल्यासारखा.
शेजारची मल्लव्वा त्याला येण्णी म्हणते
आणि आपल्या कुलपाला तेवढं घालून नेते.

मशीन घेऊन थोडेच येतात.
निम्मे नुसती कुप्पी मागायला.
वडगावातल्या मागाचा खटका बसेना.
कचेरी गल्लीतल्या न्हाव्याचं यंत्र गिऱ्हाइकाचे केस ओढतंय.
खानापूरहून फणस आलाय, हात कोपरापर्यंत चिकात,
खोबरेल संपलं तरी निघेना, "तुझं ते दे गं जरा."
येळ्ळूरच्या भरमाणीमामांच्या पंपाचा नट
तीन पावसाळे गंजून बसलेला.
रात्रभर भिजवला. सकाळी पान्याखाली
कुरकुरला, पण वळला.
"सुनेपेक्षा बरा," मामा म्हणाले.
सून मागंच उभी होती, टॉर्च धरून.

आणि एकदा सुशीला काकतीकर. बोट सुजलेलं,
अंगठी रुतलेली. सोनार म्हणाला कापू.
"कापायची नाही," ती म्हणाली. "विकायचीय.
कापलेली दिसली की भाव पाडतात."
मी तेल सोडलं, वर दोरा गुंडाळला,
स्क्रूसारखी फिरवत फिरवत काढली.
तिनं ती तळहातावर वजन बघावं तशी उडवली.
बोटाला पांढरा वळ.
किती झाले, म्हणाली. काही नाही, म्हटलं.
तरी पाच रुपये ठेवून गेली.

नोव्हेंबर लागला की आमच्याकडं डांबर महागतं,
असं गल्लीत हसत म्हणतात.
त्या सकाळी आमच्या ओळीतल्या सगळ्या पाट्यांची
खालची ओळ काळी होती.
तिसऱ्या दिवशी समोरच्या ओळीची वरची.

रॉकेलनं डांबराबरोबर रंगही जातो.
हे तेल लावायचं, चहा होईपर्यंत थांबायचं,
डांबर आधी तपकिरी होतं, मग स्वतःच सुटू लागतं.
माझं झाल्यावर रस्ता ओलांडून
वह्यापुस्तकंवाल्या हट्टीहोळींच्या शिडीवर चढले.
त्यांना गुडघे नाहीत.
जुन्या परकराची चिंधी, कॅनमध्ये बुडवून.
कन्नड अक्षरं गोल असतात,
चिंधी कुठं न अडता वळत जाते.
आमच्या अक्षरांना कोपरे फार, वर ती रेघ,
रेघेच्या खालच्या कडेला काळं अजून आहे.
'मिळेल'मधला ळ तेवढा पटकन निघाला होता.

हट्टीहोळी शिडी धरून उभे होते.
कुणी केलं असेल, हे त्यांनी विचारलं नाही.
तिसऱ्या ओळीच्या फोन नंबरापर्यंत पोचले तेव्हा
म्हणाले, "तो नंबर राहू दे, बंद आहे."
अर्धा लिटर संपलं. बाबांनी थेंब मोजले असते.

रात्री घरी, धुण्याच्या बादलीत वर,
प्रज्योतचा शर्ट.
उजव्या बाहीच्या टोकाला एक ठिपका, काळा,
नखानं खरवडला तर नख बुडलं.
तो आत झोपला होता, किंवा तसा पडला होता.
पंखा करकरत होता, महिनाभर सांगतोय तेल घाल.

मी दिवा लावला. बाही पाटावर ताणली.
कुप्पी घेतली, तिरकी धरली.
टिक्.
टिक्.
टिक्.