साठ टक्क्यांवर घुमते

तीस टक्क्यांना नीट जळते. शंभरालाही नीट.
साठावर आली की घुमते.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, रात्री पावणेदोनला,
टॉवेलच्या रंगखान्यामागे
काचेच्या भोकाला डोळा लावून बघते आहे
मीच काढलेली ज्योत.

काढलेली म्हणजे कागदावर.
अठरा पाती चाळीस अंशांत वळवलेली,
गॅसला बारा भोकं, सगळी सारखी, जुळ्यांसारखी,
हवा दोन हप्त्यांत: आधी थोडी,
उरलेली पुढे गेल्यावर.
एकदम सगळी दिली तर ज्योत माजते,
आणि माजली की हवेतल्या नायट्रोजनलाही ओढते आगीत,
जो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याचा धूर दिसत नाही.
फक्त मे महिन्यात होटगीच्या बाजूला
आभाळाला एक तपकिरी काठ येतो,
कुठल्याच रंगाऱ्याने न मागितलेला.

नाना याच पट्ट्यात लाकडावर बॉयलर चालवायचे.
बाभूळ, चिंच, मिळेल ते.
घरी यायचे तेव्हा भुवया अर्ध्या,
आणि शर्ट आई वेगळ्या बादलीत भिजवायची.
आमच्या घरच्या तेलुगूत ज्योतीला मंट म्हणतात,
तिखटाने जीभ पोळली तरी मंटच.
नानांच्या छातीत व्हायची तीही.

मीटर म्हणतं: ऑक्सिजन तीन पूर्णांक एक,
मोनॉक्साइड अठरा, नॉक्स सव्वीस.
तिसाच्या खाली हवा होता, आहे.
बोमड्याल शेठना गॅसचं बिल आठ टक्क्यांनी उतरायला हवं,
तेही उतरेल.
धुराड्यातला निवलेला धूर थोडा परत आत फिरवलाय,
त्याने आच बसते,
कडक भाकरीला लागते तशी, मंद आणि सगळीकडे.
सगळं गणितात बसलंय,
आणि पत्रा थरथरतो आहे.

इरप्पा म्हेत्रे, बॉयलरवर एकतीस वर्षं,
यांनी पाण्याचा पेला पत्र्यावर ठेवला.
पाण्यात गोल गोल रेघा, मधोमध एक टेंगूळ.
"हिला ताल सापडलाय, ताई."
मी म्हणाले, हवेची झडप मागे पडत असेल.
पंधरा मिनिटं झडपच पिळत बसले.
रेघा तशाच.

मग त्यांनी आपणहून सांगितलं,
चहाची बशी फुंकत, मला नव्हे, बशीला:
"आधी मी लूमवर होतो. चाळीस माग एका छपराखाली.
कधी कधी सगळे एका ठोक्यात यायचे.
खिडकीची काच पडायची, खरंच पडायची.
जॉबर काही दुरुस्त नाही करायचा.
चार मागांचा पट्टा जरा ढिला सोडायचा, बस."

बारा भोकं. सारखी. जुळ्यांसारखी.

गॅस बंद. पंखा चालू, आतलं सगळं बाहेर जाईपर्यंत.
नळी निवायला अडीच तास;
दिवसभर चव्वेचाळीस होतं, वारासुद्धा तापलेला.
तीन भोकं अर्ध्या मिलिमीटरने मोठी केली,
तीही एका ओळीत नाहीत.
हात भाजला. मंट, मी म्हणाले.
मोठ्याने म्हणाले असणार, इरप्पा बघायला लागले.

साडेपाचला पुन्हा पेटवली.
पन्नास. पंचावन्न. साठ.
साठ.
नॉक्स एकोणतीस, म्हणजे तीन आकडे गेले हातचे.
अहवालात लिहावं लागेल, का म्हणून विचारतील.
ज्योत आता जरा वेडीवाकडी, एका अंगाला कललेली,
कडांना निळी, इतकी की आहे की नाही कळू नये.

बाहेर येऊन धुराड्याकडे पाहिलं.
वर काहीच नव्हतं.
नाना असते तर म्हणाले असते, विझली वाटतं.

आत पहिला लाल लॉट भांड्यात उतरला, वाफ लागली.
पेल्यातलं पाणी सपाट.
इरप्पांनी तो उचलला
आणि पिऊन टाकला.