ज्यातून चित्र जाते ती

खालच्या गेनोवाइतेबाईंनी काठीनं छत ठोकलं, तीनदा.
म्हणजे काहीतरी अडलंय.
क्लाइपेदाच्या बंदरात मी क्रेन चालवतो,
केबिनमध्ये समोर चार पडदे असतात,
एवढ्याच भांडवलावर
या इमारतीचा संगणकतज्ज्ञ मी.

टेबलावर नवा मॉनिटर, खिडकीएवढा.
आठ महिन्यांच्या पेन्शनमधून चिमटीचिमटीनं काढलेला,
कडेचं प्लास्टिक अजून सोललेलं नाही.
शेजारी कोपरा फुटलेला लॅपटॉप.
दोघांत बोलणं नाही.

"सिग्नल नाही म्हणतो आणि झोपतो," बाई म्हणाल्या.
"आमचा एइमंतासही असाच होता."

मी प्लग सुलटा घातला, उलटा घातला.
कसाही घाला, बसतो; हाच त्याचा गुण
आणि फसायचं तेही इथंच.
लॅपटॉपवर विजेची बारीक खूण उजळली,
पडदा ढिम्म.
ही केबल पोट भरते फक्त.
डोळ्यांपर्यंत काही पोचवणं
तिच्या तांब्यात नाही.

मग माझ्या घरची जुनी, जाड, टीव्हीची.
चित्र आलं.
बाण मात्र पडद्यावरून
गुडघे धरत चालल्यासारखा,
आणि बाईंनी उघडलेला फोटो –
"ही वाळू नाही रे," त्या म्हणाल्या, "ही पेज आहे."

एकतीस वर्षं वाळू मोजली आहे त्यांनी.
समुद्र आणि खाडी यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी,
तिथल्या टेकड्या चालतात.
किती चालतात ते कळावं म्हणून
एका उन्हाळ्यात त्यांनी खुंट्या ठोकल्या, सतरा.
म्हणजे अहवाल यांनी लिहिला, खुंट्या एइमंतासनं ठोकल्या.
पुढच्याच आठवड्यात विमानातून काढलेला हा फोटो.
खुंट्या वाळूनं कधीच गिळल्या,
एइमंतासला जाऊन दोन वर्षं झाली.

त्याचा बिस्किटांचा डबा त्यांनी पुढ्यात ठेवला.
आत केबलींचं वेटोळं, सगळ्या काळ्या,
एकीला झाकावी, दुसरीला काढावी.
पण प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
पेन्सिलीचं तिरकं अक्षर:
कसली ते आठवत नाही.
प्रिंटरची, प्रिंटर मेला.
फक्त चार्ज.
आणि तळाशी, रबरात गुंडाळलेली:
हिच्यातून चित्र जाते. जपून.

जोडली.
पडदा क्षणभर काळा झाला, विचारात पडल्यासारखा,
आणि मग वाळू.
कण नाही दिसले, खोटं कशाला बोलू,
पण वाऱ्यानं पाडलेली सुरकुती न् सुरकुती,
एका बुटाची ओळ,
गवताच्या पात्यानं वाळूत काढलेला अर्धा गोल.

अक्षरं मात्र मुंग्या झाली.
"एवढा मोठा घेतला तो बारीक वाचायला?"
मी सेटिंगमध्ये जाऊन दोनशे टक्के केलं.
सांगितलं, आता चार ठिपके मिळून
एका ठिपक्याचं काम करतील.
"सरकारी खात्यासारखं," त्या म्हणाल्या
आणि मला विसरल्या.

नाक काचेला टेकवून मोजत होत्या.
खुंटी दिसतच नाही, दिसते तिची सावली,
केसाएवढी.
चौदा. पंधरा. सोळा.
पुन्हा पहिल्यापासून.
सोळा.
सतराव्याच्या जागी
एक माणूस आडवा पडलेला,
तोंडावर टोपी,
शेजारी हातोडा.

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
"सतरा लिहिलंय मी," त्या म्हणाल्या.
"सही करून. तीन प्रतींत."
मग खांदे हलायला लागले,
आणि ते हसणं आहे हे कळेपर्यंत
मी चपला शोधत होतो.

रात्री पायाखाली ठक् झालं.
एकदाच.
तीनदा म्हणजे काय ते आमचं ठरलेलं आहे,
एकदाचं काही ठरलेलं नाही.
मी थोडा वेळ उभा राहिलो
आणि टाचेनं, हलकेच, एकदा उत्तर दिलं.